पालथा चमचा

इंग्लंडमध्ये जुन्या चांदीच्या काट्याचमच्यांचे शौकीन बरेच आहेत, पण त्यांतली एक जात जेवणाच्या टेबलावर बसल्याबसल्या ओळखू येते. बाकीचे पाहुणे हवापाण्याच्या गप्पा काढतात, हा आधी चमचा पालथा करतो. मग खिशातून भिंग निघतं, एक डोळा मिटतो आणि शेजारच्या बाईंच्या प्रश्नाला नुसतं 'हं' मिळतं. याला लोक असभ्यपणा म्हणतात. त्यावर त्याचं उत्तर तयार असतं आणि पंचाईत अशी की ते खरं असतं. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात हॅनोव्हेरियन घाटाचे चमचे टेबलावर पालथेच मांडत, म्हणून तर घराण्याचं चिन्ह त्यांच्या पाठीवर कोरलेलं असतं. पुढे ओल्ड इंग्लिश घाट आला, दांडीचं टोक मागे वळलं आणि चमचे उताणे झाले. म्हणजे त्याच्या हिशेबाने रीत चुकली असेल तर ती यजमानांची.

हा मनुष्य लोभी असतो, असा एक समज आहे. तो टिकत नाही. लोभ्याने वजन बघावं; हा जाडजूड, टवटवीत किंग्ज घाटाचा चमचा बाजूला सारून झिजून पातळ झालेल्या चमच्याला दुप्पट पैसे मोजतो, कारण त्याच्या दांडीवर चार ठसे अजून वाचता येतात. मग सौंदर्याचा भोक्ता म्हणावं, तर तेही नाही. घाट ओळखायला त्याला निमिष पुरतं. फिडल घाटाच्या दांडीचे खांदे दिसले की संपलं. उरलेला अर्धा तास तो घालवतो तो वाटीजवळच्या अरुंद जागेत. साधारण १७८० पर्यंत ठसे तिथेच मारत. ठसे मारून पुन्हा दांडी ठोकून सारखी करायची, त्यात ते चेंगरत. वर दोनशे वर्षं घासणाऱ्या हातांनी ठशातला उरलासुरला सिंहही मांजरावर आणून ठेवलेला. त्या मांजरात सिंह शोधणं हे रसिकाचं काम नव्हे, पोलिसाचं आहे. माझ्या मते हा माणूस मुळात संशयी आहे, आणि चांदीवर त्याचा जीव जडला तो एवढ्यासाठी की त्याच्याइतकाच संशयी इतिहास दुसऱ्या कुठल्याही धातूला नाही.

ठसेच बघा. सोनार चांदीत तांबं जास्त घालतो, या शंकेपोटी १३०० साली बिबट्याचं मुंडकं आलं. कुणी घातलं ते कळावं म्हणून १३६३ मध्ये कारागिराला स्वतःची खूण सक्तीची झाली. मग तपासणाऱ्याचाच भरवसा वाटेना. १४७८ पासून वर्षाचं अक्षर मारू लागले, म्हणजे गडबड निघाली तर त्या वर्षीचा पारखी सापडावा. १५४४ मध्ये सिंह आला, आणि त्याच सुमारास खुद्द राजा आठवा हेन्री नाण्यांतली चांदी कमी करत होता! १७८४ मध्ये राजाचं डोकं उमटलं, ते कर भरल्याची पावती म्हणून. पाचशे वर्षांत एकानेही दुसऱ्यावर विश्वास टाकला नाही. लंडनची वर्षाची अक्षरं तेव्हा वीस असत. विसाव्या वर्षानंतर पुन्हा 'ए', फक्त वळण आणि चौकट बदललेली. नवशिका तिथे सहज वीस वर्षांनी चुकतो, आणि त्या चुकीचा याला होणारा आनंद लपत नाही.

कुणी म्हणेल, एवढा संशय कशाला, चमचाच तो. पण त्याचा संशय पुष्कळदा खरा ठरतो. जुने काटे चमच्यांपेक्षा दुर्मीळ, म्हणून चमच्याची वाटी ठोकून, कापून काटे बनवणारे बहाद्दर होऊन गेले. व्हिक्टोरियन काळात तर आजोबांच्या साध्या चमच्यांत द्राक्षं-नासपती उठवून, सोन्याचा मुलामा देऊन त्यांना 'बेरी स्पून' करण्याची टूम निघाली. या फळांचा विषय निघाला की याचा रक्तदाब वाढतो. सराफाकडे हॉलमार्क बघितल्याशिवाय पाटली न घेणाऱ्या आपल्याकडच्या काकूंना हा माणूस लगेच समजेल.

खरा आक्षेप वेगळाच आहे. इतका संशयी माणूस 'एच बी' ही वळणदार अक्षरं दिसली की विरघळतो. चांदीचा कारखाना चालवणाऱ्या हेस्टर बेटमनने पतीच्या निधनानंतर १७६१ मध्ये ही खूण नोंदवली. कारागिराची खूण म्हणजे जबाबदार कारखान्याची खूण. हातोडा कुणी धरला ते ती सांगत नाही. हे त्याला पाठ असतं, दुसऱ्यांना तो ऐकवतोही. तरी आपल्या चमच्याबद्दल बोलताना 'हे हेस्टरचं काम' असंच म्हणतो, जणू बाईंनी तो त्याच्यासाठीच घडवला. माझा सिद्धांत इथे थोडा लंगडतो हे कबूल. पण पोलिसालाही सासर असतंच.

आणि इतकं करून हा त्या चमच्यांनी जेवत नाही. वापरले की धुवावे लागतात, धुतले की घासावे लागतात, आणि घासलं की सिंह आणखी मांजर होतो. म्हणून हेस्टर मखमलीत झोपते आणि घरात शेफील्डच्या पोलादी चमच्यांवर भागतं. त्यांच्या पाठीवर 'स्टेनलेस' एवढंच लिहिलेलं. शंका घ्यायला जागाच नाही. बायकोच्या मते, त्याचं पोटभर जेवण होतं ते फक्त घरी.