गिअर टाकला की

ऑगस्ट उजाडला की दाभोळहून नानाचा फोन येतो. नाना माझा आतेभाऊ. फोनवर तो आधी बोलत नाही, इंजिन ऐकवतो. मग त्या फटफटीतून त्याचा आवाज वर येतो, ‘ऐकलंस? उभी असली की गाते, गिअर टाकला की मरते.’ होडीचं इंजिन पुण्यात घडलेलं आणि मी पुण्यात राहतो, एवढा धागा नानाला पुरतो. सून रुसली की तिच्या माहेरी निरोप धाडावा, तसा तो मला फोन करतो.

आणि मी कर्वेनगरात दुसऱ्या मजल्यावर, पोह्यांची बशी हातात धरून, निदान करायला बसतो. माझं सारं यंत्रज्ञान जुन्या चेतकवर पोसलेलं. ती बंद पडली की पाळण्यातल्या मुलासारखी आडवी करायची, पुन्हा उभी करायची, अन् किक मारायची. त्या सवयीने मी विचारलं, ‘थोडी तिरकी करून बघितलीस का?’ पलीकडे शांतता ओहोटीसारखी लांबवर पसरत गेली.

बोटींचा भरवसा त्या किनाऱ्याला पूर्वीपासून बेताचाच. आमच्या नगराला ज्यांचं नाव आहे ते धोंडो केशव कर्वेही तिकडच्याच मुरुडचे. शाळकरी वयात परीक्षेला निघाले, तर खराब हवेमुळे मुंबईची बोट मिळेना. मग शंभराहून अधिक मैल चालत साताऱ्याला गेले. तिथे ‘वयाने लहान दिसतोस’ म्हणून बसूच दिलं नाही! पहिल्याच गिअरला असं बंद पडलेलं ते इंजिन पुढे वयाच्या 104 वर्षांपर्यंत चाललं.

असो. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. होडी किनाऱ्यावर, टाकी अर्धी रिकामी. त्या पोकळीत दमट हवा गार होते आणि तिचं पाणी डिझेलच्या तळाशी जाऊन बसतं. फिल्टरमधून पेलाभर निघालं. टाकीच्या हवेच्या भोकात एका कुंभारणीने मातीचं बिऱ्हाड थाटलेलं. तेही नानाने काडीने हलवलं, जरा हळहळत. गिअर मात्र खाडकन आपटतच होता. त्याचं कारण खुद्द नाना. इंजिन मरू नये म्हणून त्याने रेस वाढवून ठेवली होती. रेस उतरवली, गिअर लोण्यात सुरी शिरावी तसा पडला, आणि इंजिन पुन्हा गप्प.

‘बंद करून पंखा हाताने फिरव,’ मी म्हटलं. न्यूट्रलमध्ये पंख्याचं ओझं नसतं. तेव्हा कोणीही गातं. मीही सकाळी चहापर्यंत उत्तम चालतो, पिशवी हातात दिली की घरघरतो.

नाना कोयती घेऊन कमरभर पाण्यात उतरला. बऱ्याच वेळाने फोनवर नुसता श्वास आला.

‘जाळं अडकलंय?’

‘नाय रे. आयेचं लुगडं.’

पावसाळ्यात होडी झाकायला त्याने आत्याचं जुनं हिरवं लुगडं फाडून ताडपत्रीला बांधलं होतं. त्याचीच एक पट्टी सुटून पंख्याच्या दांड्याला गच्च तीन वेढे घालून बसली होती. आत्या होती तोवर नारळी पौर्णिमेआधी तिने नानाला कधी समुद्रात जाऊ दिलं नव्हतं. बंदी उठो न उठो, ती दारात उभी राहायची.

‘कापलंस?’

‘सोडवतोय,’ नाना म्हणाला. मग थोड्या वेळाने, ‘पौर्णिमा कधी आहे रे?’

मी भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढलं. अजून आठ दिवस होते.