गेलवैनींचे गाववाले

पिंपरी-चिंचवडमध्ये कुणालाही गाव विचारा, चारातला एक सातारा-सांगलीकडचा निघणार. त्यातही वाळवा तालुक्यातला असला, तर तुमची सुटका नाही. आमच्या मजल्यावरचे अण्णा तसले. चाकणला कंपनीत आहेत, निगडीच्या कोपऱ्यावर कंपनीच्या बसची वाट बघताना शेजारी नवा माणूस दिसला की तिसऱ्या वाक्याला, "गेलवैनी ठावं हायत न्हवं?"

गेलवैनी म्हणजे गेल ऑम्व्हेट. अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या. आपल्या ब्राह्मणेतर चळवळीवर १९७३ साली बर्कलेतून पीएच.डी. घेतली, भारत पाटणकरांशी लग्न करून कासेगावात नांदायला आल्या, १९८३मध्ये भारताच्या नागरिक झाल्या आणि २०२१मध्ये कासेगावातच वारल्या. दलित चळवळ, बायकांचे लढे, बौद्ध धम्म यांवर ढीगभर लिहिलं. अण्णांनी त्यातलं पानही उलटलेलं नाही. "इंग्रजीत हाय ना समदं," हेही अभिमानानंच सांगतात. सासूबाईंवर मात्र तासभर बोलतील. इंदुताई पाटणकर, प्रतिसरकारातल्या! "आसली सासू आसल्यावर सून चुलीम्होरं बसतीया व्हय?"

अण्णांचं स्वतःचं गाव कासेगावच्या दोन गावं अलीकडं. ओळख झाली तेव्हा वैनी "आमच्या तालुक्यातल्या" होत्या. गणपतीपर्यंत "आमच्या गावच्या" झाल्या, दिवाळीला "आमच्या आळीतल्या". पाहुण्यांसमोर तर वैनींनी अण्णांच्या आईच्या हातची भाकरी खाल्ली. कधी, म्हणून विचारलं.

"मोर्च्याला भाकरी गावागावातनं जायाची की. त्यात आईची नसंल कशावरनं?"

यावर काय बोलणार?

"देहू तुमच्या उशाला, पर तुकोबा इंग्रजीत कुणी न्हेला?" हा त्यांचा हुकमी एक्का. वैनी आणि भारत पाटणकरांनी मिळून अभंगांचं भाषांतर केलं, हे खरंच आहे. पण दिलीप चित्र्यांनी आधीच नेला होता, असं मी म्हटलं. अण्णांनी चहा संपवला. "न्हेला आसंल. पर ते कासेगावचे नव्हते."

सध्या त्यांच्या कंपनीत एक कोरियन इंजिनिअर आलाय, तीन वर्षांच्या करारावर. अण्णा त्याला यात्रेला गावी न्यायचं म्हणतात. "आमच्याकडचं पानी येकदा प्यालं की मानूस हालत न्हाई. वैनी हालल्या का?"

काकू आतून म्हणाल्या, "मग तुमी कशापायी हाललासा?"

"डबा भर," अण्णा म्हणाले, "सेकंड शिफ्ट हाय."