शेअर थोडे, रुबाब मोठा

समजा, तळोजा एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीचा शेअर दोन रुपयांवर घुटमळतो आहे. धंदा जेमतेम, उधारी थकलेली. संचालक मंडळाला मात्र साक्षात्कार होतो की खोट धंद्यात नाही, भावात आहे. मग ठरते, एक रुपया दर्शनी मूल्याचे दहा शेअर एकत्र करून दहा रुपयांचा एक करायचा आणि भाव वीसवर गेला की शेअर बाजाराचा लहान कंपन्यांसाठीचा एसएमई मंच सोडून ऐटीत मेन बोर्डावर, म्हणजे मुख्य बाजारात, जायचे. पनवेलकरांना पाटी बदलण्याचे नवल नाही. १८५२ सालापासूनची आपली नगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिका झाली. पण त्यासाठी खारघर, कामोठे, कळंबोली, तळोजा हद्दीत घ्यावे लागले. नळाला पाणी किती वाढले हा प्रश्न सध्या राहू द्या. इथे तर हद्दीत काहीच यायचे नाही.

कायद्याची आडकाठी नाही. २०१३च्या कंपनी कायद्याचे कलम ६१ असे एकत्रीकरण करू देते. अडचण गणिताची आहे. एसएमई मंचावरून वर जाताना भरणा झालेले भांडवल दहा कोटींच्या वर आहे का, हे पाहतात. बाजार आपल्या परीने नफा आणि नक्त मूल्यही तपासतो. एक रुपयाचे आठ कोटी शेअर म्हणजे आठ कोटींचे भांडवल, आणि दहा रुपयांचे ऐंशी लाख शेअर म्हणजेही आठ कोटीच. म्हणजे दारावरचा माणूस वजन करतो आहे आणि आपण टाचा उंच करून उभे आहोत.

‘अमेरिकेत तर सर्रास चालते,’ असे सल्लागार सांगतील. चालते, कारण तिथे भावच मोजतात. नॅसडॅकवर शेअर सलग तीस व्यवहार-दिवस एका डॉलरखाली राहिला की नोटीस येते आणि सुधारायला १८० दिवस मिळतात. तेवढ्यात कंपन्या दहाचा एक, वीसचा एक करून मोकळ्या होतात आणि काही महिन्यांत पुन्हा डॉलरखाली येतात. हा खेळ इतका रंगला की नॅसडॅकलाच नियम आवळावे लागले. दोन वर्षांत मिळून अडीचशेचा एक किंवा त्याहून मोठे एकत्रीकरण झालेले असेल, तर आता ती मुदतही मिळत नाही. जिथे परीक्षाच भावाची, तिथला परीक्षकसुद्धा या उत्तराला कंटाळला.

सिटीग्रुपचे नाव हमखास निघते. मे २०११मध्ये तिने दहाचा एक केला आणि साडेचार डॉलरचा शेअर पंचेचाळीसच्या आसपास दिसू लागला. पण २००८च्या संकटातल्या सरकारी मदतीनंतर तिच्या शेअरची संख्या सुमारे २९ अब्जांवर गेली होती, आणि पाच डॉलरखालचे शेअर घ्यायला अनेक मोठ्या फंडांना मनाई असे. ते दुखणे खरे होते. शिवाय तिला बाजार बदलायचा नव्हता.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे. रुपया-दोन रुपयांच्या शेअरमध्ये भाव पाच-पाच पैशांनी हलत असेल, तर खरेदी-विक्रीतली फट टक्क्यांत फार मोठी पडते. खरे आहे, पण एनएसईने जून २०२४मध्ये अडीचशे रुपयांखालच्या शेअरसाठी ती पायरी एका पैशावर आणली, त्यामुळे या युक्तिवादातली बरीचशी हवा गेली. उरतो ‘पेनी स्टॉक’चा शिक्का. त्याला उत्तर मुंबईच्याच एल्सिड इन्व्हेस्टमेंट्सचे. एशियन पेंट्सचे शेअर बाळगणाऱ्या या कंपनीचा भाव ३ रुपये ५३ पैसे होता. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी खास लिलावात तो २,२५,००० रुपये निघाला. ना एकत्रीकरण, ना नवा बाजार. तिजोरीत आधीपासून जे होते, त्याचा भाव लागला एवढेच. आपल्या कंपनीच्या तिजोरीत काय आहे, हे संचालकांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. म्हणूनच कदाचित त्यांना पाटी रंगवण्याची घाई असते.

तेव्हा भागधारकहो, मेन बोर्डावर जाण्याच्या ठरावाची टपाली मतदानाची नोटीस आली, तर ती रद्दीत टाकू नका. त्या ठरावात प्रवर्तकांखेरीज इतर भागधारकांची बाजूची मते विरोधी मतांच्या किमान दुप्पट असावी लागतात. मत देण्याआधी ताळेबंद मागा, आणि जितक्या जुन्या शेअरांचा एक झाला, तितक्याने नव्या भावाला भागून पाहायला विसरू नका.