तालिन, व्हाया परतवाडा

एस्टोनियाची राजधानी तालिन. तिथला जुना शहरभाग 1997 पासून युनेस्कोच्या यादीत. अमरावतीच्या राजकमल चौकात गिला वडा खाता खाता चार मित्रांचा बेत ठरतो: पाठीला सॅक, स्वस्तातलं हॉस्टेल, तीन रात्री बाल्टिक किनारी. 16 एप्रिल 2025 पासून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईला विमान सुटतं, म्हणजे निम्मं युरोप झालंच की!

मग कोणीतरी शेंगन व्हिसाची यादी वाचतं. बँकेचं स्टेटमेंट, परतीचं तिकीट, 30 हजार युरोंचा विमा. ‘काहून बे, आपल्याला एस्टोनिया इकत घ्यायचा हाय का?’ गटात शांतता. शेवटी सॅक निघते ती परतवाडामार्गे चिखलदऱ्याला. तालिनची तूम्पेआ टेकडी 50 मीटरही भरत नाही. चिखलदरा समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या वर. पण हे स्टेटसला टाकून लाइक मिळत नाहीत.

तालिनची तटबंदी डोळे भरून पाहायची होती म्हणे. इथे गाविलगड शेजारीच उभा आहे. 15 डिसेंबर 1803 ला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेने तो जिंकला, तोफा ओढत डोंगर चढून. आपली मंडळी गाडीतून उतरतात, दरवाजापाशी सेल्फी घेतात, ‘आत काय आहे? दगडंच ना!’ म्हणून परततात. चिखलदऱ्यात कॉफी पिकते, महाराष्ट्रातलं हे दुर्मीळ ठिकाण. पॉइंटवर मात्र चौघेही मॅगी मागवतात आणि वर पाकिटातली कॉफी.