तात्यांचं नाक

वाईनमधलं कळणारा माणूस म्हटलं, की पुण्या-मुंबईचा कुणी बारीक दाढीवाला डोळ्यांपुढं येतो. तासगावात हा मान तात्यांचा. गळ्यात तुळशीची माळ, डोक्यावर टोपी, चातुर्मासात कांदा-लसूण बंद. आणि वाईनचा थेंब आजवर जिभेला लागलेला नाही. तात्या फक्त वास घेतात.

ही विद्या त्यांना नाशिकच्या अभ्यासदौऱ्यात लाभली. द्राक्षवाल्यांच्या दौऱ्यात वायनरी असतेच, किंबहुना तिच्यासाठीच निम्मे लोक गाडीत बसतात. बाकीचे चाखायच्या टेबलाकडं धावले, तात्या ग्लास नाकाशी धरून उभे राहिले. ग्लासात सोव्हिन्यॉ ब्लाँ होती. माहिती देणारा पोरगा पाठ केलेलं म्हणत होता: पेरू, कापलेलं गवत... तात्या म्हणाले, “ढबू मिरची. देठाजवळची.” पोरगा गप्प. नाक चुकलं नव्हतं. ढबू मिरचीला वास देणारं पायराझिन या द्राक्षातही असतं, आणि फळ उन्हात जास्त पिकलं की ते कमी होतं.

खरी ठिणगी पुढं पडली. तात्यांनी विचारलं, “आमच्या थॉमसनची का करत न्हाई?” पोरगा म्हणाला, थॉमसनला गोडी आहे, पण स्वतःचा असा वास नाही. आता तास-ए-गणेश हा थॉमसनमधूनच आमच्या तालुक्यात निवडलेला वाण. तात्या उसळले, “आरं, गणपतीचं नाक सोंडंएवढं, आणि त्याच्या नावाच्या द्राक्षाला वास न्हाई?” यावर वाईनशास्त्राकडं आजही उत्तर नाही.

वाईनचं द्राक्ष त्यांच्या हिशोबात द्राक्षच नव्हे. मणी वाटाण्याएवढा, साल जाड, आत बिया. इथं घड जीए या संजीवकाच्या पाण्यात बुडवून मणी फुगवायचे; तिकडं बारीक राहिला तर कौतुक, कारण वासाचा बराचसा ऐवज सालीत. असला माल तासगावच्या बाजारात आणला तर हमाल हसतील, हे तात्यांचं मत. ते मलाही खोडता आलेलं नाही.

वास घ्यायला त्यांना काचेचा ग्लास लागत नाही. स्टीलच्या तांब्यात दोन बोटं वाईन ओततात, गोल फिरवतात, वरून तळहातानं झाकतात, मग हात काढून टोपी मागं सारून नाक आत घालतात. पोट मोठं, गळा आवळलेला. वास आत कोंडतो. वाईनचे ग्लासही याच हिशोबानं घडवतात. तात्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं.

एकदा परदेशातल्या पुतण्यानं फ्रान्सच्या अल्सासमधली गेव्युर्त्सट्रामिनर आणली. लिची, गुलाब आणि मागं आल्याचा झणका. तात्यांनी तांब्यातनं नाक काढलं आणि निकाल दिला, “हे द्राक्ष अत्तर लावून लग्नाला आलंय.”

कशाबरोबर काय प्यावं, हे सांगण्यात तर त्यांचा हात कुणी धरणार नाही. तांबड्या रश्श्यावर सोव्हिन्यॉ घ्यायची नाही, तिखटावर दारूचा जाळ आणखी चढतो. तिथं गोडसर शेनिन ब्लाँ, चांगली गार करून. रिझलिंग मिळाली तर सोनं. सोव्हिन्यॉ ठेवायची भडंगाला, वर कच्चा कांदा, कोथिंबीर आणि लिंबू पिळून. तांबडा रस्सा त्यांनी दुसऱ्याच्या ताटातच पाहिलाय, ही गोष्ट सल्ला घेणारे मनावर घेत नाहीत.

जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटात वाईन विकायला परवानगी द्यायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं घेतला, तेव्हा गावात दोन निवेदनं फिरली. बागायतदार म्हणून तात्यांनी पाठिंब्यावर सही केली, माळकरी म्हणून विरोधावर. दोन्हीकडं अक्षर सारखंच ठसठशीत.

परवा पुण्याचा जावई आला. पिशवीत नाशिकची शेनिन ब्लाँ. तात्यांनी बाटली उलटीसुलटी केली, किंमत वाचली आणि चष्मा काढला.

“हिला द्राक्षं किती लागत्यात?”

“किलो, सव्वा किलो.”

“आणि किलोभर बेदाण्याला?”

जावई गप्प.

“चार किलो! वर डिपिंग ऑइल, शेडवर पंधरा दिवस, पाऊस आला की जीव टांगणीला. मग मर्दा, महाग कोण पायजे?”

“बेदाणा,” जावई म्हणाला. त्याचा डोळा ओपनरवर होता.

“शाब्बास! पुढच्या सौद्याला ही घिऊन जातो. अडत्याच्या टेबलावर ठेवतो, म्हणतो, वाच किंमत.”

“पण मामा, आज उघडली असती तर...”

“उघडायची न्हाई. बेदाण्याला भाव मिळंपतुर शील तसंच.”

जावयानं त्या रात्री पिठलं-भाकरी ताकाबरोबर खाल्ली. ताकाचं पिठल्याशी कसं जमतं, हे तात्यांनी त्याला शेवटच्या घासापर्यंत समजावून सांगितलं.