फोर-केचे जाणकार

बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत प्रत्येक सोसायटीत टीव्हीखरेदीचे एक जाणकार असतात. शेजाऱ्यांचा टीव्ही बंद पडल्याची खबर त्यांना आपोआप लागते आणि दिवाळीच्या सेलमध्ये ते घेणाऱ्याच्या दोन पावलं पुढे चालतात. फ्लॅट घेताना याच गृहस्थांनी बिल्डरच्या माणसाला घाम फोडलेला असतो: "सुपर बिल्ट-अप नको, कार्पेट किती ते बोला." २०१७ साली महारेरा आल्यापासून कार्पेटवरच व्यवहार होतो, हे त्यांना तोंडपाठ. पण खोक्यावर फोर-के दिसलं की हाच चोखंदळ माणूस विरघळतो. "भाऊ, फोर-के आहे ना? मग पॅक करा!"

त्यांना आकडा कळतो, तो कशाचा हे कळत नाही. अर्थात सगळा दोष त्यांचा नाही. १०८०पी म्हणताना पडद्याच्या उंचीतल्या ओळी मोजत. फोर-के म्हणताना कंपन्यांनी गुपचूप रुंदी मोजायला घेतली. फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८० ठिपके, टीव्हीतलं फोर-के ३८४० बाय २१६०. रुंदीतही पुरते चार हजार नाहीतच. एकूण ठिपके चौपट, म्हणून चित्रही चौपट स्पष्ट, असा जाणकारांचा हिशेब. त्यातून स्वस्तातले काही टीव्ही 'फोर-के सपोर्ट' मिरवतात. पॅनेल १३६६ बाय ७६८चं, फक्त फोर-के व्हिडिओ आत घेऊन आखडून दाखवणारं. हा चक्क सुपर बिल्ट-अप एरिया, पण इथे कार्पेट विचारायचं काकांना सुचत नाही.

आता डोळ्याचं बघू. निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागापेक्षा बारीक तपशील सहसा वेगळा दिसत नाही. ४३ इंची फुल एचडी पडद्यावरचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. साडेपाच फुटांपलीकडे तो शेजारच्या ठिपक्यात मिसळतो. ५५ इंचीत हेच अंतर सात फुटांच्या आसपास. घाटकोपरच्या वन बीएचकेत सोफा एका भिंतीला, टीव्ही दुसऱ्या, मध्ये आठ-नऊ फूट आणि पावसाळ्यात वाळत घातलेले कपडे. टीव्हीवर चालणार केबलचा ५७६ ओळींचा साधा चॅनल! मालिकेतल्या सासूबाईंचा चंद्रहार फोर-केने उजळत नाही.

"मग फोर-के घेऊच नये की काय?" असं जाणकार उसळून विचारतील. घ्यावं की. मोठ्या पडद्यांत आता बहुतेक तेच मिळतं, मुद्दाम नाकारण्यात शहाणपण नाही. रंग आणि उजेड चांगला असेल तर फरक त्याने पडतो. पण एट-केला वरचे पैसे मोजू नयेत. कॉम्प्युटरच्या मॉनिटरची गोष्ट मात्र वेगळी. २७ इंची फुल एचडी दोन फुटांवरून पाहिला की अक्षरांच्या कडा खरखरीत दिसतात. तिथे २५६० बाय १४४० किंवा फोर-के खरोखर उपयोगी. आणि नेमके तिथेच, घरून काम करणाऱ्या लेकीसाठी घेताना, काका हात आखडतात: "एक्सेलला काय करायचंय फोर-के?" दिवसाचे आठ तास ती त्या अक्षरांत डोळे घालून बसणार, हे हिशेबात नसतं.

तेव्हा निघण्यापूर्वी सोफ्यापासून भिंतीपर्यंत टेप लावा आणि दुकानात पॅनेलचं नेटिव्ह रिझोल्यूशन विचारा. जाणकारांनाही अवश्य न्या, पण भाव पाडायला. त्यात त्यांचा हात धरणारा अंधेरीतही सापडायचा नाही.