वाणांची तुलना: नवशिक्यांसाठी, कुणकेश्वर आवृत्ती

तुलना करायची तर आधी दोन वाण लागतात. एक दुकानातल्या पाकिटातला, दुसरा शेजारच्या काकीच्या चुलीवर टांगलेला. पाकिटावर फोटो असतो, उगवणीची टक्केवारी असते, मुदत असते. काकीच्या भेंडीवर काजळी असते आणि सोबत एवढीच माहिती मिळते: ‘ह्या मागच्या वर्साचा.’

पायरी पहिली: पाकीट वाचा. ‘सुधारित’ आणि ‘संकरित’ हे शब्द नवशिक्याला सारखेच वाटतात. परभणी क्रांती ही सुधारित भेंडी, परभणीच्या कृषी विद्यापीठाने हळद्या रोगाला तोंड द्यायला काढलेली. तिचं बी धरून पुढच्या वर्षी पेरता येतं. संकरिताचं बी धरलंत तर पुढच्या पिढीत आजोबा, मामा, चुलते सगळे वेगवेगळे उगवतात. देवगड तालुक्यातल्या माणसाला हे समजावायला शास्त्र लागत नाही. हापूसची बाठ रुजवून हापूस मिळाला असता, तर कलमं बांधायला कोण बसलं असतं?

पायरी दुसरी: पेरणीआधी दोन्हींचे दहा-दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळा आणि आठवडाभराने मोजा. फडकं कुठे ठेवलंय ते घरात सांगून ठेवा. माझं फडकं चौथ्या दिवशी धुवून, पिळून दोरीवर वाळत पडलं होतं.

पायरी तिसरी गुरांनी खाल्ली. तीत कुंपणाविषयी लिहिलं होतं.

पायरी चौथी: मृगात, एकाच दिवशी, एकाच मातीत पेरा. ‘एकाच मातीत’ म्हणणं सोपं आहे. आमच्या परसात विहिरीकडे जांभ्याची लाल माती, समुद्राकडे रेव, मध्ये आजोबांनी कधीतरी टाकलेलं शेण. म्हणून एक सरी पाकिटाची, एक सरी काकीची, परत पाकिटाची, अशी आलटून-पालटून लावा. नाहीतर शेण जिंकेल आणि बक्षीस वाण घेऊन जाईल. खारा वाराही समुद्राकडच्या रांगेलाच आधी गाठतो.

पाट्या पेन्सिलने लिहा. जिल्ह्याची पावसाची सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास आहे, त्यात पेनाची शाई जुलै बघत नाही. माझ्या पाट्या पाहून काकी कुंपणापलीकडून म्हणाली, ‘नाव लिवन भेंडो लांब होता काय?’

पायरी पाचवी: निकाल. पाकिटाची भेंडी दीड महिन्यात फुलली, पाच धारांची, गडद हिरवी, एका मापाची. शाळेच्या प्रार्थनेला उभी असावी तशी. काकीचं झाड तोवर नुसतंच उंच होत होतं. माणसाच्या डोक्यावर गेलं तेव्हा कुठे पहिलं पिवळं फूल दिसलं. मी वहीत ‘नापास’ लिहून मोकळा झालो. मग चतुर्थीच्या तोंडावर फिकट, पांढुरकी, वीतभर भेंडी लटकली. अंगठा फिरवून धारा मोजल्या: आठ. एवढी लांब भेंडी जून असणार म्हणून शेंडा मोडून पाहिला, तर टच्कन तुटला. वहीतला शेरा खोडला.

आता मार्गदर्शकातली सर्वात अवघड पायरी, तिला मी क्रमांकच दिलेला नाही. सर्वात चांगली भेंडी बियाण्याला ठेवायची असते. आणि घरात नेमकी तीच आधी चिरली जाते. उरलेली वाकडी, किडकी शेंग बियाण्याला ठेवली की चार वर्षांत वाण बिघडतो, मग आपण म्हणतो की गावठी बियाण्यात आता पूर्वीचा दम राहिला नाही. काकी नेमक्या शेंगेला लाल चिंधी बांधते. मी ती चिंधी कचरा समजून सोडली आणि भेंडी स्वयंपाकघरात दिली. ‘मेल्या, बियाक ठेवललो तो!’

फुलांची तुलना हाती घेऊ नये. गोंड्याचं बी दसऱ्याच्या वाळक्या तोरणातच असतं. तोरण अंगणाच्या कडेला पडतं आणि पुढच्या पावसात सगळे रंग एकत्र उगवतात, कोणता कुणाचा ते सांगायला कोणी नसतं. अबोली तर त्याहून खट्याळ. वाळलेल्या कणसावर पाण्याचा थेंब पडला की बोंडं फट्कन फुटतात आणि बी तुमच्या पाटीची हद्द ओलांडून जातं. त्यातल्या ‘दिल्ली’ नावाच्या अबोलीला मी हंगामभर बियांसाठी राखत बसलो. ती बीच धरत नाही, फांदी लावूनच वाढते. हे विकणाऱ्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नव्हतं.

तवशाचे मात्र दोन्ही वाण मी नीट राखले. मोठी पिवळी फळं माटवीला बांधली, विसर्जनानंतर उतरवली, बिया धुतल्या, काकीच्या सांगण्यावरून राखेत चोळून पडवीच्या भिंतीला थापल्या. डावीकडे पाकिटाचं, उजवीकडे काकीचं, आणि प्रत्येकाखाली पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी.

यंदा मृगाआधी पाहिलं तर वाळवीने दोन्ही चिठ्ठ्या खाल्ल्या होत्या. राखेतल्या बियांना तोंड लावलेलं नाही. डावीकडे म्हणजे भिंतीकडे तोंड करून की पाठ करून, हे वहीत लिहायचं राहून गेलं.